मांजरं येऊन गेली

'नेको आत्सुमे' या खेळात मांजर येताना कधीच दिसत नाही. अंगणात वाटीभर खाणं ठेवायचं, एखादा चेंडू किंवा पुठ्ठ्याचं खोकं मांडायचं आणि निघून जायचं. अंगणाकडे डोळे लावून बसलात तर काही घडत नाही. तासाभरानं परत डोकावलं की खोक्यातून दोन कान वर आलेले असतात. किंवा खोकं रिकामंच असतं, पण कुणीतरी येऊन गेल्याची खूण म्हणून चार चंदेरी मासे ठेवलेले असतात. (मूळ जपानीत हे मासे म्हणजे 'निबोशी', आपल्याकडच्या सुकटीचे भाऊबंद.) मांजराला उचलता येत नाही, आंघोळ घालता येत नाही, रागावताही येत नाही. फार तर फोटो काढून अल्बममध्ये लावता येतो, आणि नाव बदलता येतं. माझ्या अंगणात 'मनी' होती, 'बोकोबा' होता आणि एक 'देशपांडे काकू' होत्या.

एवढाच खेळ. ऑक्टोबर २०१४मध्ये नागोयाच्या हिट-पॉइंट नावाच्या छोट्या कंपनीनं तो जपानीत काढला. युताका ताकाझाकी हा त्याचा डिझायनर. इंग्रजी आवृत्ती आली वर्षभरानं, म्हणजे २०१५मध्ये. तोवर जपानी न येणारे कितीतरी लोक कुठलं बटण काय करतं हे अंदाजानं ओळखून खेळत होते. २०१७मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. लिखाण अडलेला एक लेखक नव्या घरात राहायला जातो आणि अंगणात मांजरं येऊ लागतात, असं त्याचं कथानक. जवळजवळ काहीही न घडणाऱ्या खेळावर दुसरा कुठला चित्रपट निघणार!

हिट-पॉइंट हे नावही मजेशीर आहे. रोल-प्लेइंग खेळांत पात्राची जीवनशक्ती ज्या आकड्यात मोजतात तो 'हिट पॉइंट'. तलवारीचे घाव बसत बसत तो शून्यावर आला की पात्र मेलं. ही कंपनी आधी तसलेच मोबाइल खेळ करायची: तलवारी, जादू, राक्षस. त्याच लोकांनी पुढे असा खेळ केला ज्यात कुणाचंही काहीही कमी होत नाही. वाटी रिकामी राहिली तर मांजर उपाशी मरत नाही, ते फक्त येत नाही. दुसरीकडे गेलं असेल.

आभासी प्राण्यांच्या खेळांबद्दल लिहिणारे बहुतेकदा 'गोड', 'निवांत', 'ताण घालवणारे' अशा शब्दांत ते उरकतात. या गोडव्याविषयी मला फारसं म्हणायचं नाही. मला हे खेळ एकाच प्रश्नावर तपासावेसे वाटतात: तुम्ही तिथे नसता तेव्हा काय होतं, याबद्दल खेळ तुम्हाला काय सांगतो? कारण अशा प्राण्याबरोबरचा आपला बहुतेक वेळ त्याच्यापासून दूरच जातो. दिवसातली दहा मिनिटं खेळाची, उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटं अनुपस्थितीची. या खेळांचा खरा आशय त्या उरलेल्या वेळात असतो.

या वंशाचा मूळपुरुष तामागोच्ची. बांदाई कंपनीनं तो नोव्हेंबर १९९६मध्ये जपानात आणला. विझ कंपनीचे अकिहिरो योकोई आणि बांदाईच्या आकी माइता ही त्यामागची नावं. अंड्याच्या आकाराचं खेळणं, तीन बटणं, आणि आडवे बत्तीस व उभे सोळा एवढ्याच ठिपक्यांचा पडदा. त्यात अंडं फुटून जीव बाहेर येणार. त्याला भरवायचं, त्याच्याशी खेळायचं, शी साफ करायची, आजारी पडला की औषध द्यायचं, झोपला की दिवा मालवायचा आणि उगाच हाका मारू लागला की दटावायचं. दुर्लक्ष केलंत तर तो मरायचा. मूळ जपानी खेळण्यात थडगं आणि शेजारी भूत दिसायचं. मुलं ते शाळेत नेऊ लागली, शाळांनी बंदी घातली, मग आया ऑफिसात मुलांचे तामागोच्ची सांभाळू लागल्या. १९९७चं अर्थशास्त्राचं इग नोबेल माइता आणि योकोई यांना मिळालं, लाखो माणसांचे कामाचे तास आभासी पशुपालनाकडे वळवल्याबद्दल.

मराठीत 'पाळणं' या क्रियापदाचे दोन अर्थ शेजारीशेजारी नांदतात. कुत्रा पाळतात, तशी वेळही पाळतात. तामागोच्चीनं हे दोन्ही अर्थ एकात मिसळले. तिथे प्राणी पाळणं म्हणजे वेळ पाळणं, आणि वेळ चुकली तर शिक्षा. मुलांना जबाबदारी शिकवणारं खेळणं म्हणून त्याचं तेव्हा कौतुक झालं. मला ते कौतुक पटत नाही. जबाबदारीत निवड असते. हाक आली की धावणं ही सवय झाली. तरीही एक गोष्ट तामागोच्चीच्या बाजूनं बोलायलाच हवी. तो प्रामाणिक होता. त्याच्या पोटात बॅटरी होती, घड्याळ सतत चालू होतं, आणि तुम्ही गणिताच्या तासाला बसलेला असताना तो खरोखरच दप्तरात भुकेला होत होता. त्याचा काळ आणि तुमचा काळ एकच होता.

मोबाइलवर हे उरलं नाही. इथे थोडं धंद्यातलं बोलावं लागेल, कारण माझं पोट या धंद्यावर चालतं.

फोनवरचं ॲप तुम्ही बाजूला सारलं की फोनची यंत्रणा त्याला लवकरच झोपवते. बॅटरी वाचवायची असते, जागा मोकळी करायची असते. म्हणजे तुम्ही नसताना तुमचा प्राणी जगत नाही. तो भुकेला होत नाही, झोपत नाही, वाटही पाहत नाही. बहुतेक वेळा अशा खेळात फक्त एक आकडा साठवलेला असतो: तुम्ही शेवटचे कधी आला होतात. पुन्हा ॲप उघडलंत की आत्ताच्या वेळेतून ती वेळ वजा होते. आठ तास निघाले? मग भूक इतक्या टक्क्यांनी कमी, आनंद इतक्यानं कमी, अंगावर मळाचे दोन डाग. हे सगळं तुम्ही पडद्याला बोट लावल्यानंतरच्या काही मिलिसेकंदांत होतं. आठ तासांची उपासमार एका वजाबाकीत उरकते आणि मग रडका चेहरा दाखवला जातो.

'मला भूक लागली' हे नोटिफिकेशन तर याहून गमतीचं. ते पाठवायला सर्व्हरचीही गरज नसते. तुम्ही ॲप सोडून जाता त्याच क्षणी ते फोनमध्ये नोंदवून ठेवता येतं: आठ तासांनी हे वाक्य दाखव. म्हणजे प्राणी पोट भरून ढेकर देत असतानाच त्याच्या भुकेची हाक लिहून झालेली असते.

माझ्या पिढीला आभासी प्राणी भेटले ते असेच. २०१०मध्ये आलेलं 'टॉकिंग टॉम'चं मांजर, जे आपलंच बोलणं चिरक्या आवाजात परत ऐकवायचं आणि चापट मारली की कळवळायचं. मग २०१२चा 'पोउ', तो बटाट्यासारखा तपकिरी गोळा. घरातला पहिला अँड्रॉइड फोन सुट्टीत आलेल्या सगळ्या भावंडांत मिळून एकच असायचा, आणि पोउला भरवायची पाळी कुणाची यावर मारामारी व्हायची. त्याच्या अलीकडे-पलीकडे फेसबुकवरची 'फार्मव्हिल' ही शेती होती. २००९ साली आलेली. वेळेवर कापणी केली नाही की पीक वाळून जायचं. आमच्या एका मावशीनं पहाटे उठून वांगी कापल्याचं मला पक्कं आठवतं. मावसोबांची खरी शेती होती, पण तिच्यासाठी पहाटे कुणी उठत नसे. या सगळ्या खेळांची अनुपस्थितीबद्दलची भूमिका एकच: तुम्ही नव्हतात, म्हणून वाईट झालं. तामागोच्चीच्या बाबतीत ते खरं तरी होतं. फोनवरच्या प्राण्यांनी ती फक्त मुद्रा उचलली.

'नेको आत्सुमे' हीच वजाबाकी करतं. आत्ताची वेळ वजा मागची वेळ. फोन एअरप्लेन मोडमध्ये असला तरी अंगणात मांजरं येतात, फोनचं घड्याळ पुढे ढकललं तरी येतात. म्हणजे हिशेब फोनमध्येच होतो हे बाहेरूनही कळतं. फरक आहे तो वजाबाकीच्या उत्तराचं काय करायचं यात. आठ तास तुम्ही नव्हता? मग आठ तासांत कोण कोण येऊन गेलं ते सांगतो. अनुपस्थितीला शिक्षा नाही, उलट तिच्याशिवाय खेळच नाही. तुम्ही सतत तिथे असाल तर मांजरं येणार कधी?

यात दुसरीही एक गोष्ट आहे आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. हा खेळ भूतकाळात बोलतो. 'मी भुकेला आहे' असा वर्तमानाचा दावा तो करत नाही. 'मनी आली होती, चेंडूशी खेळली, बारा मासे ठेवून गेली,' एवढंच सांगतो. फोनवरचा प्राणी मधल्या वेळात जगत नाही हे एकदा मान्य केलं, तर त्याच्याबद्दल खोटं न बोलता वापरता येईल असा हा एकच काळ उरतो. घडलेल्या गोष्टीचं कथन. कादंबरीतली माणसंही आपण पुस्तक मिटल्यावर जगत नाहीत, पण पुढचं पान उघडलं की 'मधे सहा महिने गेले' हे आपण विनातक्रार स्वीकारतो. तंत्राची मर्यादा आणि कथनाची रीत या खेळात एकमेकांत इतक्या सहज बसल्या आहेत की ते योजून झालं की आपोआप, हे ओळखता येत नाही.

मला वाटतं, यात कंपनीच्या लहानपणाचाही हात आहे. हा माझा तर्क. मोठ्या स्टुडिओकडे सर्व्हर असतात, रोज नवा 'इव्हेंट' काढणारी माणसं असतात, आणि त्या माणसांना रोज आकडे दाखवावे लागतात. छोट्या कंपनीला आरडाओरडा परवडत नाही. 'नेको आत्सुमे'तली मांजरं पाहा: हालचाल जेमतेम दोन-तीन चित्रांची, रंग फिकट, संवाद शून्य. टब्ज नावाचं गलेलठ्ठ मांजर येतं, वाटीतलं सगळं खाणं फस्त करतं आणि तिथेच गादीसारखं पसरतं. त्याला हालचालच नाही, आणि विनोद त्यातच आहे. मोठ्या पैशात हेच मांजर ढेकर देऊन नाचलं असतं.

आपल्याकडच्या वाचकाला या खेळातलं नातं वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. कोकणात किंवा घाटावर जुन्या घरांत मांजर कुठे 'पाळलेलं' असायचं? ते असायचं. मागच्या दारी करवंटीत दूधभात ठेवला जायचा, तो कुणीतरी खाऊन जायचं. चार दिवस दिसलं नाही तर 'शेजारी व्यायलं असेल' म्हणायचं. गळ्यात पट्टा नाही, डॉक्टर नाही, वाढदिवस नाही. 'अतिथी' या शब्दाची परंपरेनं सांगितली जाणारी फोड अशी की, ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी. तामागोच्ची हा तिथी-वार-घटका पाहून वागायला लावणारा जीव होता. हिट-पॉइंटची मांजरं अतिथी आहेत. मात्र ही तुलना फार ताणू नये. मागच्या दारची मांजरं पावसात भिजतात, गाडीखाली येतात, त्यांची पिल्लं बोका मारून टाकतो. खेळातलं अंगण या सगळ्यापासून धुऊन काढलेलं आहे. तिथे वेदना नाही, आणि म्हणून काळजीही नाही. काळजी नको असणाऱ्यांसाठीच तो आहे, असा आक्षेप कुणी घेतला तर मी वाद घालणार नाही.

खेळाचं खरं वैगुण्य दुसरीकडे आहे. नावातच 'आत्सुमे' आहे, म्हणजे गोळा करणं. प्रत्येक मांजराची वहीत नोंद होते, रिकामे चौकोन दिसत राहतात, आणि 'दुर्मीळ' मांजरं ठरावीक खेळणं मांडल्याशिवाय येत नाहीत. बेसबॉलच्या पोशाखातलं एक मांजर हवं असेल तर त्याच्या आवडीची वस्तू हवी. दोनेक आठवड्यांत मी इंटरनेटवरचे तक्ते पाहून अंगण मांडू लागले. कुठल्या वस्तूला कोण, कुठल्या खाण्याला किती तास. अतिथीची वाट पाहणं संपलं, सापळे लावणं सुरू झालं. शिवाय रोज एक परवलीचा शब्द टाइप करून मासे मिळवायची सोय आहे, शिक्के जमले की भेट. हा शाळेतला हजेरीपट झाला. 'कधीही या' म्हणणाऱ्या घराच्या दाराशी हजेरीपट टांगलेला बरा दिसत नाही. मांजरं कधीकधी एखादी आवडती वस्तू आणून ठेवतात, किड्याची कात वगैरे. त्या निरुपयोगी वस्तूंनी हा हिशेबीपणा थोडा सैलावतो. पण वही भरली की खेळ संपतो, आणि तो वही भरण्यासाठीच होता अशी शंका मागे उरते.

बहुधा म्हणूनच हिट-पॉइंटचा पुढचा खेळ मला जास्त मोठा वाटतो. 'ताबिकाएरू', नोव्हेंबर २०१७. एक बेडूक आहे. दगडी घरात एकटा राहतो. वाचत बसतो, काहीतरी लिहितो, जेवताना डुलक्या काढतो. अंगणात क्लोव्हरची पानं उगवतात, ती आपण खुडायची, त्या बदल्यात शिदोरी, ताईत, तंबू असलं काही घ्यायचं आणि त्याच्या पिशवीत किंवा टेबलावर ठेवायचं. मग तो केव्हातरी जातो. केव्हा, ते सांगत नाही. कुठे, तेही नाही. काही तासांनी परतेल किंवा चार दिवसांनी. अधूनमधून एखादा फोटो पाठवतो: जपानातलं एखादं खरं ठिकाण आणि त्यासमोर हा. कधी एकटा, कधी कुणा सोबत्याबरोबर. परत येताना तिथला प्रसिद्ध खाऊ आणतो. शिदोरी काय दिली याचा प्रवासावर परिणाम होतो, पण नेमका कसा ते खेळताना उमगत नाही. त्याला जा म्हणता येत नाही आणि थांब म्हणूनही थांबवता येत नाही.

'नेको आत्सुमे'त येणारे परके होते. इथे जाणारा घरचा आहे. एवढ्या एका बदलानं खेळाचा स्वभाव पालटतो. मांजर आलं नाही तर दुसरं येईल, बेडूक मात्र एकच आहे. इथे गोळा करण्यासारखं आहे, फोटो आहेत, खाऊ आहे. पण ते मिळवायला सापळा लावता येत नाही. डबा भरून ठेवायचा एवढंच हातात.

जानेवारी २०१८मध्ये हा खेळ चीनमध्ये अफाट पसरला. ॲपलच्या तिथल्या स्टोअरवर मोफत ॲपमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, तोही फक्त जपानी भाषेत असताना. खेळणारे बेडकाला 'पोरगा' म्हणू लागले. पोरगा दोन दिवस घरी नाही, पोरानं फोटो पाठवला नाही, पोरगा घरी आहे पण नुसता वाचत बसलाय, बाहेर का जात नाही? हे म्हणणारे होते शहरांत एकेकटे राहणारे तरुण-तरुणी, म्हणजे जे स्वतःच कुणाची तरी घर सोडून गेलेली पोरं होती. त्यावर तेव्हा बरंच लिहिलं गेलं: एकुलत्या मुलांची पिढी, न होणारी लग्नं, शहरी एकटेपण. ते सगळं खरं असेल. मला त्यात दिसते ती जागांची अदलाबदल. ज्यांची वाट पाहिली जाते त्यांना या खेळानं वाट पाहणाऱ्याच्या खुर्चीत बसवलं, आणि एकही उपदेशाचं वाक्य न उच्चारता.

'काएरू' या जपानी शब्दाचे दोन अर्थ होतात: बेडूक, आणि परतणं. खेळाच्या नावातच ही कोटी आहे. मराठीत तिचं भाषांतर होणार नाही, पण आपल्याकडे तिचं काम करणारी एक रीत आहे. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, 'येतो' म्हणायचं असतं. मी मिरजेहून पुण्याला परतताना दर वेळी 'येते' म्हणते. आई दशमी, चटणी, कधी लोणच्याची बाटली पिशवीत कोंबते. त्यातलं काय संपलं, काय तसंच फ्रिजमध्ये बुरसलं, हे तिला कळत नाही. पोचल्याचा फोन, मग मधूनच व्हॉट्सॲपवर एक फोटो: सिंहगड, ऑफिसची सहल, कुठलासा कॅफे. फोटोत शेजारी कोण आहे असं ती विचारत नाही. बेडकाच्या फोटोंत शेजारी दिसणारा उंदीर कोण, असं मीही कुणाला विचारू शकले नाही. खेळात तशी सोयच ठेवलेली नाही.

चीनमधल्या खेळाडूंनी तेव्हा फोनचं घड्याळ पुढे करून पानं लवकर उगवून घेतली. मीही केलं. पानं उगवली, पण लगेच परतलेल्या बेडकाकडे पाहून काही वाटलं नाही. घड्याळ पुढे सरकवता येतं, वाट पाहणं नाही सरकवता येत. हे या खेळाचं यश मानायचं की तंत्रातली पळवाट, यावर माझं मत अजून डळमळतं.

आता आक्षेप. दोन्ही खेळांत खऱ्या पैशांनी मासे किंवा पानं विकत घेता येतात. सक्ती नाही, घाईही नाही, पण दुकान आहे. आणि 'शिक्षा न करणं' हाही माणसाला परत आणण्याचा उपायच नाही का? माझ्यापुरतं सांगायचं तर मी 'पोउ' तीन महिन्यांत सोडला, बेडकाकडे वर्षभर जात राहिले. मायेनं बोलावणारा दरडावणाऱ्यापेक्षा जास्त दिवस गिऱ्हाईक टिकवतो, हे आमच्या धंद्यात कळलेलं आहे. हल्लीची 'स्वतःची काळजी घ्या' छापाची ॲप्स, ज्यांत आपण पाणी प्यायलो की एखादं पिल्लू खूश होतं, ही त्या शहाणपणाचीच फळं. तिथे शिक्षा नाही खरी, पण पिल्लाचा आनंद आपल्या वागण्याला बांधलेला असतो. हिट-पॉइंटचा बेडूक इथे वेगळा ठरतो. त्याला आपल्या वागण्याचं काही पडलेलं नाही. डबा दिला तर नेतो. त्याचं प्रेम आहे की नाही हे खेळ सांगत नाही, आणि त्यावर काही विकतही नाही. ही अलिप्तता मला कुठल्याही गोडव्यापेक्षा जास्त सभ्य वाटते.

पण यश आलं की अलिप्त राहणं महाग पडतं. बेडकाची चीनमधली आवृत्ती काढायचे हक्क अलिबाबानं मिळवले, आणि तिथे तो चिनी स्थळं पाहू लागला. २०२४मध्ये 'नेको आत्सुमे २' आला आणि त्यात इतरांच्या अंगणांत जाऊन यायची सोय झाली. मी तीन-चार अंगणं पाहून आले. सुंदर मांडलेली होती. परतल्यावर माझं अंगण मला पहिल्यांदाच रिकामं-रिकामं वाटलं, आणि मी दुकान उघडलं.

माझ्या कामाचं सांगितल्याशिवाय हे लिहिणं अर्धवट राहील. मी ज्या कंपनीत आहे तिचा खेळांशी संबंध नाही. रोजच्या वापरातलं एक साधं ॲप आहे. पण सोडून गेलेल्या माणसांना परत आणणारी एक टीम प्रत्येक कंपनीत असते, तशी आमच्याकडेही आहे, आणि मी तीत आहे. सात दिवस न आलेल्यांना एक संदेश, तीस दिवसांवर दुसरा. मराठी मजकूर लिहायला वेगळं माणूस नव्हतं म्हणून तो माझ्याकडे आला. तीस दिवसांच्या संदेशात 'आम्हाला तुमची आठवण येते' असं आहे. मागच्या दिवाळीआधी तो बाबांच्या फोनवर गेला. त्यांनी स्क्रीनशॉट काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'तुझ्या कंपनीला तरी येते आठवण.' पुढे हसरा चेहरा होता. बाबांना हसरा चेहरा टाकता येतो हे मला तेव्हाच कळलं.

त्यानंतरच्या एका मीटिंगमध्ये मी सुचवलं की तीस दिवसांनंतर काही पाठवूच नये. माणूस आपणहून परत आला, तर तो नसताना त्याच्यासाठी काय काय साठलंय ते त्याला नीट दाखवावं. उदाहरण म्हणून मी 'नेको आत्सुमे'चा पडदा दाखवला. लोक हसले, दोघांनी तिथेच डाउनलोड केला. मग आमच्या प्रॉडक्टवाल्यानं विचारलं, 'ठीक आहे, पण काहीच पाठवलं नाही तर त्याचा परिणाम मोजणार कसा?' मी म्हटलं, निम्म्या लोकांना पाठवायचं, निम्म्यांना नाही, आणि तीन महिने थांबायचं. तीन महिने फार होतात, असं सगळ्यांचं मत पडलं. विषय पुढच्या तिमाहीच्या यादीत टाकला आहे. तोवर तीस दिवसांचा संदेश जातो आहे, मजकूर तोच आहे.